फुप्फुसाच्या गाठीची जनुकीय चाचणी : रत्नागिरीच्या बाटलीपासून मुंबईच्या रिपोर्टापर्यंत

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही गाठींमध्ये एकाच जनुकातला बदल पेशींना सतत वाढत ठेवत असतो. तो बदल सापडला तर नेमक्या त्याच्यावर काम करणारी गोळी देता येते. सापडला नाही तर रुग्ण केमोथेरपीच्या किंवा इम्युनोथेरपीच्या मार्गाने जातो. ईजीएफआर जनुकातले असे बदल २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. २००७ मध्ये जपानमध्ये ईएमएल४ आणि एएलके या दोन जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले गेल्याचे आढळले. पुढे रॉस-१, ब्राफ, मेट, रेट, केरास अशी यादी वाढत गेली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१३ मध्ये ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲडिनोकार्सिनोमा प्रकारच्या गाठींपैकी सुमारे २३ टक्के गाठींत ईजीएफआरचा बदल त्यांना आढळला, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक होते. युरोप-अमेरिकेतील गोऱ्या रुग्णांपेक्षा हा आकडा बराच मोठा आहे. म्हणून ही चाचणी इथे चैनीची वस्तू ठरत नाही. ती उपचाराची पहिली पायरी आहे.

या एका ओळीच्या निकालावर किती अवलंबून असते, ते आशियातील ‘इपास’ या अभ्यासाने २००९ मध्ये स्पष्ट केले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बदल होता, त्यांचा आजार गेफिटिनिबच्या गोळीने केमोथेरपीपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला. ज्यांच्यात तो बदल नव्हता, त्यांना तीच गोळी दिल्यावर आजार केमोथेरपीच्या गटापेक्षा खूप लवकर वाढला. म्हणजे चुकीचा ‘आहे’ हा निकाल रुग्णाला उपयोगी औषधापासून तोडतो आणि निरुपयोगी औषधावर ठेवतो. चुकीचा ‘नाही’ याच्या उलट नुकसान करतो. टाटा मेमोरियलमध्येच ईजीएफआरचा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबने आजार साधारण ८ महिने थोपवला आणि गेफिटिनिबसोबत केमोथेरपी दिल्यावर साधारण १६ महिने. हे सगळे महिने बदल बरोबर ओळखला गेला तरच रुग्णाच्या पदरात पडतात.

गुणवत्ता नियंत्रण म्हटले की डोळ्यांसमोर काचेआडचे महागडे सिक्वेन्सिंग यंत्र येते. यंत्र महत्त्वाचे आहे, पण निकालाचे भवितव्य त्याच्या कितीतरी आधी ठरू लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या रुग्णाच्या बाबतीत ते ठरते बायोप्सीचा तुकडा ज्या बाटलीत पडतो त्या बाटलीत, त्या बाटलीवरच्या चिठ्ठीत, मायक्रोटोमच्या (काप काढणाऱ्या यंत्राच्या) पात्याखाली आणि कशेडीमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या पार्सलात. ज्यांच्या हातून हे टप्पे पार पडतात, त्या टेक्निशियन, परिचारिका, वॉर्डबॉय आणि कुरियरवाल्यांना आपण एका जनुकीय चाचणीत सहभागी आहोत याची अनेकदा कल्पनाच नसते. या चाचणीतला सर्वांत मोठा दोष हाच आहे.

कोकणातला रुग्ण बायोप्सीपर्यंत पोहोचतो तोच मुळी उशिरा. खोकला, अंगावर काढलेला ताप, वजन घटणे, छातीत पाणी होणे ही लक्षणे क्षयाचीही असतात. क्षय इतका सर्रास आढळतो की आधी क्षयाची औषधे सुरू होतात आणि त्यात काही महिने जातात. एक्स-रेवरचा डाग हटला नाही की सीटी स्कॅन होतो आणि मग बायोप्सीचा विषय निघतो. जिल्ह्यात काही मोजक्या ठिकाणीच कॅन्सरचे निदान आणि उपचार एका छताखाली होतात. चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय हे त्यातले ठळक नाव. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या कॅन्सर तपासणीच्या कामात टाटा मेमोरियल केंद्राशी त्याचे नाते जुने आहे. गाठीची सूक्ष्मदर्शक तपासणी जिल्ह्यातही होते. जनुकीय चाचणी मात्र बहुतेक वेळा मुंबई, नवी मुंबई किंवा पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत होते. त्यामुळे तुकडा घेणारे हात आणि निकाल देणारे हात यांच्यात साडेतीनशे किलोमीटरचे अंतर पडते. दोघांची कधी गाठ पडत नाही.

फुप्फुसातून मिळणारा तुकडा मुळात किरकोळ असतो. ब्रॉन्कोस्कोपीच्या चिमट्यात दोन-तीन मिलिमीटरचे कण येतात, सीटीच्या आधाराने घातलेल्या सुईतून दाभणाएवढ्या जाडीच्या एक-दोन काड्या येतात. काही रुग्णांची बायोप्सी करणे धोक्याचे असते. त्यांच्या छातीतले पाणी काढून, ते गरगर फिरवून, खाली बसलेल्या पेशींचा गोळा मेणात घालतात. त्याला सेल ब्लॉक म्हणतात. छातीत पाणी झालेल्या रुग्णाचे पाणी अर्धा-एक लिटर काढले जाते आणि तपासणीला मात्र एक छोटी बाटली पाठवून उरलेले ओतून दिले जाते, हे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. त्या ओतून दिलेल्या पाण्यात रुग्णाची जनुकीय चाचणी होण्याइतक्या पेशी असू शकतात. जास्त पाणी पाठवायला खर्च नाही, फक्त मोठी बाटली लागते.

तुकडा बाहेर पडताच त्याचे क्षरण सुरू होते. म्हणून तो लगेच, जास्तीत जास्त तासाभरात, फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिन ही फार साधी वस्तू मानली जाते आणि म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. बाजारात मिळणारे तीव्र द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिसळून दहा टक्क्यांचे फॉर्मॅलिन बनते. त्यात फॉस्फेटचे क्षार घालून त्याचा आम्लपणा रोखावा लागतो. क्षार न घातलेले, जुने, उन्हात पडलेले फॉर्मॅलिन हळूहळू आंबट होते. त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डीएनएचे तुकडे पाडते. स्लाइडवर पेशी ठीकठाक दिसतात, पॅथॉलॉजिस्टचे निदानही बरोबर येते, पण जनुकीय चाचणीसाठी लागणारा डीएनए केव्हाच मोडलेला असतो. मे महिन्याच्या रत्नागिरीत, दमट खोलीत, अर्धवट झाकण लागलेल्या कॅनमधले फॉर्मॅलिन किती दिवस भरवशाचे राहते, हा प्रश्न कागदावर फारच क्वचित विचारला जातो. द्रावण बनवल्याची तारीख कॅनवर लिहिणे आणि पीएच तपासण्याची पट्टी आठवड्यातून एकदा बुडवून पाहणे, एवढ्याने त्याचे उत्तर मिळते.

फॉर्मॅलिनमध्ये तुकडा किती वेळ राहतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. कमी वेळ राहिला तर आतला भाग कच्चा राहतो. जास्त राहिला तर डीएनए आणि प्रथिने एकमेकांत घट्ट अडकतात. अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने इतर दोन संस्थांबरोबर २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार छोट्या बायोप्सीला ६ ते १२ तास आणि मोठ्या नमुन्याला ८ ते १८ तास साधारणपणे सर्वांत चांगले. शनिवारी दुपारी झालेली बायोप्सी सोमवारी सकाळी उघडली तर तो हिशेब तिथेच बिघडतो. गणपतीत तर विचारायलाच नको. अख्खे कोकण घरी आलेले, माणसे रजेवर, महामार्गावर गाड्यांच्या रांगा आणि बाटल्या टेबलावर. शिमग्यातही तेच. सुट्टी कुणी रद्द करावी असे नाही, पण बायोप्सीची वेळ ठरवताना प्रयोगशाळेच्या सुट्टीकडे पाहावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. आणि बाटलीच्या चिठ्ठीवर नाव, वय, जागा यांसोबत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची तारीख आणि वेळ लिहिली तर मुंबईच्या प्रयोगशाळेला निकालाचा अर्थ लावायला मोठी मदत होते.

फॉर्मॅलिनच्या अतिरेकाने होणारी एक हानी जास्त घातक असते, कारण ती सहज नजरेस पडत नाही. डीएनए चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. फॉर्मॅलिनमध्ये त्यातल्या ‘सी’ या अक्षराचे रासायनिक रूप बदलते आणि यंत्र ते ‘टी’ असे वाचते. म्हणजे प्रत्यक्षात नसलेले म्युटेशन दिसू लागते. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब काही काळ चालून मग निष्प्रभ ठरते, तेव्हा जवळजवळ निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत टी७९०एम नावाचा नवा बदल कारणीभूत असतो. तो असेल तर ओसिमर्टिनिब द्यायचे असते. हा बदलही नेमका ‘सी’च्या जागी ‘टी’ असाच आहे. जुन्या, फॉर्मॅलिनने खराब झालेल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात घातलेल्या तुकड्यात, अगदी थोड्या प्रमाणात टी७९०एम दिसला तर तो आजाराचा आहे की फॉर्मॅलिनचा, हा खरा पेच असतो. चांगली प्रयोगशाळा अशा वेळी डीएनएवर एका विकराची प्रक्रिया करून बिघडलेली अक्षरे आधी काढून टाकते, मग चाचणी पुन्हा लावते आणि दुसऱ्या पद्धतीनेही ताडून पाहते. ओसिमर्टिनिब महाग आहे. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याच्यावरील सीमाशुल्क माफ झाले, तरी सामान्य घराला ते परवडत नाही. त्याचा निर्णय अशा एका पुसट ठिपक्यावर होऊ नये.

कॅन्सर हाडात पसरलेला असेल आणि बायोप्सी हाडाची असेल तर आणखी एक धोका असतो. हाड मऊ करण्यासाठी ते तीव्र आम्लात ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याने काप सहज निघतात आणि डीएनए नष्ट होतो. त्याऐवजी ईडीटीएचे द्रावण वापरावे. त्याला काही दिवस जास्त लागतात, पण चाचणी होऊ शकते. हाडातला मऊ भाग आधीच वेगळा काढून, मऊ करण्याची पायरी टाळून, मेणात घालणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

फॉर्मॅलिननंतर तुकडा रात्रभर टिश्यू प्रोसेसरमध्ये अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून जातो. इथे कोकणाचा प्रश्न विजेचा असतो. रात्री दोन वाजता वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही तर मेण थिजते, तुकडे अर्धवट अवस्थेत अडकतात आणि सकाळी येणाऱ्याला फक्त दिवा चालू दिसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगडकडच्या अनेक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. तशी वादळे रोज येत नाहीत, पण पावसाळ्यातल्या रात्री वीज जाणे नेहमीचेच. म्हणून प्रोसेसरला स्वतंत्र बॅटरी हवी, वीज गेल्याची वेळ दाखवणारी नोंद हवी आणि सकाळी ती नोंद पाहण्याची सवय हवी.

मग येतो मायक्रोटोम. इथे टेक्निशियनचा हात हाच गुणवत्ता नियंत्रणाचा मोठा भाग असतो. मेणाच्या ब्लॉकमधून चार-पाच मायक्रॉन जाडीचे पातळ काप काढले जातात. पहिला काप रंगवून पॅथॉलॉजिस्ट पाहतो, मग कॅन्सर नेमका कुठल्या प्रकारचा आहे हे ठरवण्यासाठी टीटीएफ-१, पी४० अशा रंगचाचण्या होतात. प्रत्येक वेळी ब्लॉक पुन्हा यंत्रावर बसवला की त्याचे तोंड समपातळीत आणताना काही काप वाया जातात. दोन मिलिमीटरच्या तुकड्यात अशी उधळपट्टी तीन वेळा झाली की जनुकीय चाचणीसाठी उरते निव्वळ मेण. त्यावर उपाय असा की पहिल्यांदाच ब्लॉक बसलेला असताना रंगचाचण्यांसाठी आणि जनुकीय चाचणीसाठी लागणारे सगळे काप एकदम काढून ठेवावेत. आणि पॅथॉलॉजिस्टनेही गरजेपुरत्या, बहुधा दोनच, रंगचाचण्या मागाव्यात. दहा रंग लावून निदान अधिक देखणे होते, रुग्णाच्या हाती मात्र उपचाराची चावी राहत नाही.

पात्याची स्वच्छता ही त्याच जागी घ्यायची दुसरी काळजी. एका रुग्णाच्या गाठीचा कण पात्यावर किंवा काप तरंगवायच्या कोमट पाण्यात राहून दुसऱ्याच्या स्लाइडवर चिकटला तर सूक्ष्मदर्शकाखाली तो बहुधा ओळखू येतो. डीएनए काढायच्या नळीत पडलेला तोच कण कुणालाही दिसत नाही, आणि आजची यंत्रे शंभरातली एक प्रत शोधण्याइतकी तीक्ष्ण आहेत. म्हणून दर ब्लॉकनंतर पाते बदलणे किंवा त्याचा न वापरलेला भाग पुढे घेणे, पाणी बदलणे आणि काप उचलायचा ब्रश पुसणे आवश्यक असते. हे कंटाळवाणे काम आहे. दिवसाला साठ ब्लॉक कापणाऱ्या माणसाकडून ते साठही वेळा व्हावे असे वाटत असेल तर त्याच्यावरचा कामाचा बोजा आधी पाहिला पाहिजे.

यानंतरचा टप्पा पॅथॉलॉजिस्टचा. जनुकीय चाचणीला पाठवायच्या स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी किती टक्के आहेत याचा अंदाज त्याने द्यायचा असतो. फुप्फुसाच्या तुकड्यात कॅन्सरखेरीज निरोगी पेशी, सुजेच्या पांढऱ्या पेशी आणि तंतू भरपूर असतात. समजा शंभर पेशींपैकी वीस कॅन्सरच्या आहेत. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती आणि त्यातल्या एकीतच बदल, असे धरले तर दोनशे प्रतींमध्ये बदललेल्या प्रती वीस, म्हणजे दहा टक्के. जुन्या सँगर पद्धतीने इतका कमी बदल दिसत नाही. त्यासाठी निम्म्या पेशी तरी कॅन्सरच्या लागतात. नव्या पद्धतींनी वीस टक्के पेशींच्या नमुन्यातही बदल पकडावा, असे २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनात म्हटले आहे. पण हा टक्का डोळ्यांनीच ठरवला जातो, आणि एकाच स्लाइडवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे अंदाज बरेच वेगळे येतात, हे वारंवार सिद्ध झाले आहे. मोठमोठ्या कॅन्सरपेशींमध्ये विखुरलेल्या बारीक पांढऱ्या पेशी नजरेतून सुटतात आणि आकडा फुगतो. तेव्हा क्षेत्रफळ न पाहता पेशींची केंद्रके मोजावीत आणि कॅन्सरचा भाग स्लाइडवर शाईने आखून द्यावा. तेवढाच भाग खरवडून घेतला तर दहा टक्क्यांचा नमुना पन्नास टक्क्यांचा होऊ शकतो. एका मार्करपेनने साधणारा हा फरक कुठल्याही यंत्राने साधत नाही.

ब्लॉक मग प्रवासाला निघतो. पुष्कळदा तो नातेवाइकाच्या पिशवीत असतो. एसटीने किंवा कोकण रेल्वेने, रिपोर्टांच्या फाइलमध्ये खुपसलेला. मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेपाशी ठेवलेला ब्लॉक मऊ होऊ शकतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच वेगळे असते, गाड्या सावकाश चालतात. परशुराम घाटात दरड आली की रस्ताही थांबतो. ब्लॉकला या उशिरातून फारसा धोका नसतो, दमट हवेत पडून राहिला तरच त्याला बुरशी, मुंग्या आणि झुरळांपासून जपावे लागते. एक साधी प्लॅस्टिकची घट्ट डबी आणि तिच्यावर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि ब्लॉकचा क्रमांक असला की पुरते. अडचण होते ती क्रमांकांची. ब्लॉकवरचा आकडा आणि सोबतच्या रिपोर्टावरचा आकडा जुळत नसेल तर चांगली प्रयोगशाळा तो नमुना स्वीकारत नाही, आणि ते बरोबरच आहे. मात्र त्यापायी नातेवाइकाला रत्नागिरीला परत येऊन चिठ्ठी बदलून न्यावी लागते तेव्हा त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचा आणि रुग्णाच्या त्याहून मौल्यवान वेळेचा हिशेब कुणी ठेवत नाही.

ब्लॉकचे जतनही याच भागात मोडते. सहा महिन्यांनी नवे औषध आले किंवा जुने निष्प्रभ झाले की पहिल्या ब्लॉकची आठवण होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत, दुकानांत, दवाखान्यांत शिरले. खेड आणि राजापूर या गावांनाही पुराची ओळख जुनी आहे. अशा गावांत ब्लॉकची कपाटे तळमजल्यावर असू नयेत.

मुंबईच्या प्रयोगशाळेत काप पोहोचले की डीएनए काढला जातो आणि मोजला जातो. मोजण्याच्या दोन रीती आहेत. प्रकाश किती शोषला गेला हे पाहणारी रीत स्वस्त आहे, पण तुटलेला डीएनए, आरएनए, रसायनांचे अवशेष सगळ्यांची बेरीज करून ती फुगीर आकडा देते. डीएनएला चिकटून चमकणारा रंग वापरणारी रीत खरा आकडा देते. एक नॅनोग्रॅम डीएनएमध्ये जनुकाच्या साधारण ३०० प्रती असतात. दहा नॅनोग्रॅम आहेत असे समजून चाचणी लावली आणि खरे दोनच असले, तर ३,००० प्रतींऐवजी ६०० प्रतींमध्ये शोध घेतला जातो, आणि त्यातल्या कितीतरी फॉर्मॅलिनने वाचण्यापलीकडे गेलेल्या असतात.

चाचणीच्या प्रत्येक फेरीत रुग्णांच्या नमुन्यांसोबत तीन नमुने मुद्दाम लावतात. एकात बदल नक्की आहे, एकात तो नक्की नाही आणि एकात डीएनएच नाही, नुसते पाणी. पाण्याच्या नळीत जर सिग्नल आला तर कुठेतरी मिसळामिसळ झाली आहे आणि ती संपूर्ण फेरी रद्द करायची असते. बदल असलेल्या नमुन्यासाठी जगभर ठरावीक पेशीवंश वापरतात. एचसीसी८२७ या वंशात ईजीएफआर जनुकाच्या एक्सॉन १९ या भागातला तुकडा गळालेला आहे, एच१९७५ मध्ये एल८५८आर आणि टी७९०एम हे दोन्ही बदल आहेत. हे नमुने तीव्र असून चालत नाही, त्यांतला बदल चाचणीच्या मर्यादेच्या जवळ, चार-पाच टक्क्यांवर, पातळ केलेला हवा. ठळक बदल कोणतीही चाचणी पकडते. चाचणी ढिली पडू लागली आहे हे पुसट नमुनाच सांगतो.

पीसीआरचे तयार किट ठरावीक बदलच शोधतात. एक्सॉन १९ ची गळती आणि एल८५८आर हे दोन मिळून ईजीएफआरच्या बदलांपैकी बहुतांश भाग व्यापतात आणि ते किटमध्ये असतात. एक्सॉन २० मध्ये घुसलेल्या तुकड्यांचे प्रकार मात्र अनेक आहेत आणि त्यातले कितीतरी किटच्या यादीत नाहीत. सिक्वेन्सिंगने ते सापडतात, पण तिथे खोली पाहावी लागते, म्हणजे जनुकाची तीच जागा किती वेळा वाचली गेली ते. दहा टक्के बदल असलेल्या नमुन्यात ती जागा ५०० वेळा वाचली तर सुमारे ५० वाचनांत बदल दिसेल. तीसच वेळा वाचली तर तीन, आणि ते तीन खरे की यंत्राची चूक हे सांगता येणार नाही. एएलकेसाठी फिश चाचणी केली तर किमान ५० कॅन्सरपेशी मोजून त्यातल्या १५ टक्के पेशींत एएलके जनुक तुटलेले दिसावे लागते.

यापलीकडे एक नियंत्रण कुठल्याही किटमध्ये मिळत नाही. ते म्हणजे निकाल सुसंगत आहे का हे थांबून पाहणे. ईजीएफआर आणि केरास या दोन जनुकांतले बदल एकाच गाठीत सहसा एकत्र येत नाहीत. दोन्ही ठळक दिसले तर दोन रुग्णांचे नमुने मिसळल्याची शंका घ्यावी. स्लाइडवर वीस टक्के पेशी लिहिल्या आहेत आणि बदल सत्तर टक्के प्रतींत आला, तर अंदाज चुकला आहे, जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत, किंवा नमुना दुसऱ्याचा आहे. हे प्रश्न विचारायला अनुभवी माणूस लागतो आणि त्याला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट समोर दिसावा लागतो. जिल्ह्यातून आलेल्या नमुन्यासोबत अनेकदा नुसता फॉर्म असतो.

रिपोर्टातला सर्वांत धोकादायक शब्द ‘निगेटिव्ह’. त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. चांगला डीएनए, पुरेशा पेशी, पुरेशी खोली असताना शोध घेतला आणि बदल नव्हता, हा एक. तुकड्यात सात टक्केच कॅन्सरपेशी होत्या, डीएनए तुटलेला होता, आणि म्हणून काही दिसले नाही, हा दुसरा. दुसऱ्या प्रसंगी खरा निकाल ‘नमुना अपुरा, चाचणी निर्णायक नाही’ असा असतो. तो लिहायला धैर्य लागते. रुग्ण चिडतो, डॉक्टर पुन्हा फोन करतात, पैसे भरलेले असतात. तरीही त्या जागी ‘निगेटिव्ह’ लिहिणे ही या व्यवसायातली मोठी चूक आहे, कारण त्या शब्दानंतर कुणी पुन्हा शोधत नाही. नमुना अपुरा आहे असे कळले तर दुसरी बायोप्सी, छातीतले पाणी किंवा रक्त, असे मार्ग उघडे असतात. चांगल्या रिपोर्टात कॅन्सरपेशींचा टक्का, वापरलेली पद्धत, ती कोणते बदल शोधते आणि किती टक्क्यांपर्यंत पकडते हे लिहिलेले असते. जिल्ह्यातल्या डॉक्टरने आधी त्या बारीक अक्षरांवर नजर टाकावी.

रक्तातून होणाऱ्या चाचणीने थोडा आधार मिळाला आहे. गाठीतून सुटलेला डीएनए रक्तात तरंगत असतो. पण साध्या ईडीटीएच्या नळीत घेतलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही तासांत फुटू लागतात आणि त्यांचा निरोगी डीएनए गाठीच्या डीएनएला झाकून टाकतो. अशा रक्तातला प्लाझ्मा सहा तासांच्या आत वेगळा करायला हवा. रत्नागिरीहून मुंबईला रक्त पाठवायचे तर पेशी न फुटू देणारी खास नळीच लागते, आणि ती नळी फ्रीजरमध्ये ठेवायची नसते, जोरात हलवायचीही नसते. शिवाय रक्तात बदल दिसला नाही म्हणून तो गाठीत नाही असे ठरत नाही. रक्ताचा ‘नाही’ हा निकाल गाठीच्या तुकड्यावर पडताळून घ्यावाच लागतो.

प्रयोगशाळेची बाहेरून होणारी तपासणी दोन प्रकारची असते. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या मंडळाची मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर मिळते. तिच्यात नोंदी, प्रशिक्षण, यंत्रांची देखभाल पाहिली जाते. दुसरा प्रकार जास्त बोलका. बाहेरची संस्था निकाल लपवून नमुने पाठवते, प्रयोगशाळेने ते रोजच्यासारखे तपासायचे आणि उत्तर कळवायचे. मँचेस्टरची ईएमक्यूएन आणि अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्टांची संघटना असे नमुने जगभर पाठवतात. हे नमुने अनुभवी माणसाकडे देऊन दोनदा तपासून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केले की परीक्षा पास होते आणि रोजच्या कामातली चूक तशीच राहते. आणखी एक उणीव अशी की हे नमुने डीएनएच्या टप्प्यापासून पुढची परीक्षा घेतात. रत्नागिरीतल्या फॉर्मॅलिनची परीक्षा त्यात येत नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडसारख्या जाळ्याने लहान केंद्रांपर्यंत बायोप्सी हाताळण्याचे एक पानाचे मराठी टिपण पोहोचवले तर ही उणीव बरीच भरून निघेल.

काळाचे बंधनही याच विषयाचा भाग आहे. मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुना पोहोचल्यापासून दहा कामाच्या दिवसांत निकाल मिळावा. चौथ्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये धाप वाढत असताना रुग्ण महिनाभर थांबू शकत नाही. मग केमोथेरपी सुरू होते आणि उशिरा आलेला बरोबर निकाल फाइलमध्ये पडून राहतो. भारतात २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे ८१ हजारांहून अधिक नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यांतले बहुसंख्य उशिराच्या टप्प्यातच सापडतात.

जिल्ह्यातल्या प्रत्येक बायोप्सी खोलीत फॉर्मॅलिनच्या कॅनवर तारीख असावी, बाटलीवर वेळ लिहावी, छातीतले पाणी ओतून देण्याआधी पॅथॉलॉजिस्टला विचारावे आणि ब्लॉक देताना क्रमांक मोठ्याने वाचून जुळवून घ्यावा. नातेवाइकांनी रिपोर्टासोबत ब्लॉक मागून घ्यावा, तो थंड कोरड्या जागी ठेवावा आणि हाती आलेल्या रिपोर्टात ‘निगेटिव्ह’ असेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : तुकड्यात कॅन्सरच्या पेशी पुरेशा होत्या का?